शर्ली : मुलासाठी राखून ठेवलेले नाव

१८४९ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'स्मिथ, एल्डर' या प्रकाशनसंस्थेने 'शर्ली' नावाची तीन खंडांची कादंबरी प्रसिद्ध केली. लेखकाचे नाव होते करर बेल. हा करर बेल म्हणजे यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ गावच्या पाद्र्याची मुलगी शार्लट ब्राँटे आहे, हे त्या वेळी मोजक्याच लोकांना ठाऊक होते. आज 'शर्ली' हा शब्द वाचताच आपल्या डोळ्यांसमोर एखादी स्त्री उभी राहते. मुंबईच्या वांद्रे-माहीम भागात किंवा गोव्यात ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना तर या नावाची एखादी शेजारीण किंवा शाळेतली बाई हटकून आठवते. १८४९ च्या इंग्रज वाचकाला मात्र तसे काही वाटण्याचे कारण नव्हते. त्याच्या लेखी शर्ली हे एका जुन्या सरदार घराण्याचे आडनाव होते, इंग्लंडमधल्या काही गावांचे नाव होते आणि क्वचित एखाद्या पुरुषाचे पहिले नाव होते. कादंबरीत बरीच पाने उलटल्यावर शर्ली नावाचे पात्र प्रथम समोर येते आणि ती एकवीस वर्षांची तरुणी निघते, तेव्हा लेखिकेला त्या नावाचा खुलासा मुद्दाम करावा लागला आहे. लग्नानंतर आठ वर्षांनी झालेले मूल मुलगी निघाले. मुलगा हवा असलेल्या आईवडिलांनी मुलाला जे घराण्याचे नाव दिले असते तेच तिला देऊन टाकले.

हे नाव मुळात जमिनीचे आहे. जुन्या इंग्रजीत रानातल्या मोकळ्या जागेला, झाडे तोडून केलेल्या माळाला 'लेआह' म्हणत. इंग्लंडमधल्या असंख्य गावांच्या शेवटी जो 'ली' येतो तो तिथून आलेला आहे. पहिल्या भागाचा अर्थ काही जण 'उजळ' असा लावतात, तर काही ठिकाणी त्याचा संबंध परगण्याशी, म्हणजे 'शायर'शी जोडला जातो. डर्बीशायरमध्ये ॲशबर्नजवळ शर्ली नावाचे एक गाव आहे, आणि क्रॉयडन, साउदॅम्प्टन व सॉलिहल येथेही त्या नावाच्या वस्त्या आहेत. डर्बीशायरच्या गावावरून तिथल्या जमीनदार घराण्याने आडनाव घेतले. पुढे त्याच घराण्याला अर्ल फेरर्स हा किताब मिळाला, आणि त्यातलाच चौथा अर्ल लॉरेन्स शर्ली आपल्या कारभाऱ्याचा खून केल्याबद्दल १७६० साली फासावर गेला. आपल्याकडे गावावरून आडनाव पडणे इतके अंगवळणी पडलेले आहे की इथवरच्या प्रवासात आपल्याला नवल वाटण्यासारखे काही नाही.

नवल पुढे आहे. सोळाव्या शतकापासून इंग्लंडच्या वरच्या वर्गात आडनाव हेच मुलाचे पहिले नाव म्हणून ठेवण्याची रीत सुरू झाली. बहुधा ते आईच्या माहेरचे आडनाव असे. इंग्लंडच्या गादीवर अवघे नऊ दिवस बसलेल्या लेडी जेन ग्रेच्या नवऱ्याचे नाव गिलफर्ड डडली होते, कारण त्याची आई गिलफर्ड घराण्यातली होती. सिडनी, स्टॅन्ली, पर्सी, हॉवर्ड ही सगळी आज पहिली नावे म्हणून ऐकू येणारी नावे त्याच वाटेने आली. या रीतीमागे मालमत्तेचा हिशेब असे, आईकडच्या घराण्याशी असलेले नाते आणि त्यातून येणारा हक्क जगाला दिसावा हा हेतू असे, हे मान्य केले तरी मला तिच्यात एक गोष्ट मनापासून भावते. आमच्या आजीच्या पिढीत लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि मुलीचे पाळण्यातले नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव ही तिन्ही एकाच दिवशी पुसली जात. इंग्रज सरदाराच्या बायकोचे आडनावही लग्नात जातच असे, पण ते तिच्या मुलाच्या नावात कधीकधी परत येई. शर्ली हे पहिले नाव म्हणून वापरात आले ते याच चालीतून, आणि त्या काळात ते मुलालाच ठेवले जाई. 'पंच' या सुप्रसिद्ध साप्ताहिकाचे संपादकपद १८७० ते १८७४ या काळात ज्याने भूषवले तो शर्ली ब्रुक्स पुरुष होता. विसाव्या शतकातही ही चाल पुरती मोडली नव्हती. कॅनडाच्या ल्यूसी मॉड माँटगोमेरी यांनी १९०८ साली ॲन शर्ली ही अनाथ मुलगी कादंबरीत आणली. पुढच्या कादंबऱ्यांत तिचे लग्न होते, मुले होतात आणि तिच्या धाकट्या मुलाचे नाव असते शर्ली ब्लाइद. आईचे गेलेले आडनाव तिथे मुलाने जपले आहे.

ब्राँटेच्या शर्ली कील्डारकडे मात्र थोडे थांबून पाहायला हवे, कारण या नावाचे दैव तिच्यामुळे फिरले. कादंबरी १८११-१२ मधल्या यॉर्कशायरची आहे. नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे व्यापार बसलेला आहे, लोकरीच्या गिरण्यांत नवी यंत्रे येत आहेत, हातांना काम उरलेले नाही आणि लडाइट म्हणवणारे कामगार रात्री यंत्रे फोडत आहेत. एप्रिल १८१२ मध्ये लिव्हरसेजजवळच्या रॉफोल्ड्स गिरणीवर झालेला खरा हल्ला ब्राँटेने कादंबरीत वापरला आहे. अशा वेळी शर्ली ही त्या भागातली जमीनदारीण आहे. तिला भाऊ नाही, आईवडील नाहीत, म्हणून फील्डहेड नावाचा वाडा, जमीन आणि गिरणीची मालकी तिच्याकडे आलेली आहे. ती स्वतःला पुरुषाची पदवी लावून घेते. आपल्याला पुरुषाचे नाव दिले गेले आहे आणि आपण पुरुषाच्या जागेवर बसलो आहोत, असे स्पष्ट म्हणते. लोक तिला कॅप्टन कील्डार म्हणतात. भाडेपट्टे, कर्जे आणि गरिबांसाठी मदतनिधी हे सारे व्यवहार ती पाहते आणि त्या चर्चांत पाद्री आणि गिरणीमालक यांच्यासमोर न अडखळता बोलते. नाव आणि अधिकार ही दोन्ही तिच्याकडे एकाच कारणाने आली आहेत, आणि ते कारण म्हणजे मुलगा झाला नाही. हे तिला ठाऊक आहे, वाचकालाही ठाऊक आहे, आणि कादंबरीतला सगळा ताण तिथे आहे. लग्न झाले की तत्कालीन कायद्याप्रमाणे मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती जाणार; विवाहित स्त्रियांना त्याबाबत संरक्षण देणारे कायदे पुढे १८७० आणि १८८२ मध्ये झाले. शर्ली शेवटी लग्न करते. त्या पानांवर तिचे गप्प होत जाणे मला दर वाचनात टोचते.

मुलगा हवा असताना मुलगी झाली, हे आईवडिलांचे दुःख मुलीच्या नावात उतरते तेव्हा ते कोणत्या रूपात उतरते, हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात 'नकोशी' किंवा 'नकुसा' असे नाव मुलीला ठेवण्याची पद्धत होती, आणि २०११ साली जिल्हा परिषदेने पुढाकार घेऊन अशा २८० हून अधिक मुलींना नवी नावे दिली. हॉवर्थच्या वाऱ्यात वाढलेल्या लेखिकेने तीच निराशा घेतली आणि तिच्यातून नायिकेच्या हाती मालकी देणारे नाव घडवले. दोन्हीकडे मुलगी ही मुलाच्या जागी आलेली आहे, पण एकीकडे ती रिकामी जागा तिच्या अंगावर डाग म्हणून उमटवली गेली आणि दुसरीकडे ती तिला बसायला मिळाली. अर्थात शर्ली कील्डारच्या मागे वाडा आणि जमीन होती, आणि साताऱ्याच्या त्या मुलींच्या मागे तसे काही नव्हते, हा फरक विसरता येत नाही.

ही कादंबरी लिहिली जात असताना लेखिकेच्या घरात जे घडत होते ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. सप्टेंबर १८४८ मध्ये भाऊ ब्रॅनवेल गेला. डिसेंबरमध्ये बहीण एमिली गेली. मे १८४९ मध्ये स्कार्बरोच्या समुद्रकाठी धाकटी बहीण ॲन गेली. आठ महिन्यांत तीन भावंडे, आणि हस्तलिखित अर्धे टेबलावर. एमिलीला आरोग्य आणि पैसा मिळाला असता तर ती कशी असती, ते शर्लीत आपण रेखाटले असे शार्लटने आपली चरित्रकार एलिझाबेथ गॅस्केल हिला सांगितले होते. पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतल्यावर कोणालाही न सांगता तापलेल्या लोखंडाने स्वतःचीच जखम डागणारी शर्ली ही एमिलीच होय. तो प्रसंग खरा घडलेला होता. म्हणजे ज्या व्यक्तिरेखेमुळे हे नाव पुढे मुलींचे झाले, तिच्यामागे एक खरी, अबोल, कणखर स्त्री उभी आहे. आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. करर, एलिस आणि ॲक्टन बेल ही तीन टोपणनावे निवडताना या बहिणींनी ती धड पुरुषी नसावीत आणि धड बायकी नसावीत अशी काळजी घेतली होती, कारण स्त्रीच्या पुस्तकाकडे समीक्षक वेगळ्या नजरेने पाहतात हे त्यांना जाणवले होते, आणि उघड पुरुषी नाव घेणे त्यांच्या मनाला पटत नव्हते. शार्लटने हे १८५० मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे. नावाच्या लिंगाचा इतका बारकाईने विचार केलेल्या लेखिकेच्या हातून नायिकेला शर्ली हे नाव सहज पडले असेल, असे मला वाटत नाही.

कादंबरी आली म्हणून दुसऱ्या दिवसापासून घरोघरी शर्ली जन्माला येऊ लागल्या असे झाले नाही. 'जेन एअर' या शार्लटच्या आधीच्या कादंबरीइतकी ती गाजली नव्हती. नाव मुलींकडे सरकत गेले ते हळूहळू, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, इंग्लंडपेक्षा अमेरिकेत अधिक. मग २३ एप्रिल १९२८ रोजी कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका येथे शर्ली टेंपलचा जन्म झाला आणि पुढच्या सात-आठ वर्षांत सगळेच बदलले. महामंदीने खचलेल्या अमेरिकेत या कुरळ्या केसांच्या, खळ्या पडणाऱ्या मुलीचे चित्रपट पाहायला लोक रांगा लावत. १९३५ मध्ये तिला बालकलाकार म्हणून विशेष अकादमी पुरस्कार मिळाला. १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षे तिकीटबारीवर ती सर्वांत पुढे होती. तिच्या बाहुल्या विकल्या गेल्या, तिच्यासारखे झगे शिवले गेले. १९३५ आणि १९३६ या दोन्ही वर्षी अमेरिकेत मुलींना ठेवलेल्या नावांत मेरीच्या खालोखाल शर्लीचा क्रमांक होता. १९३५ या एका वर्षात ४०,००० हून अधिक मुलींची नावे शर्ली ठेवली गेली. अभिनेत्री शर्ली मॅक्लेन, जन्म १९३४, हिचे नाव याच बालतारकेवरून ठेवलेले आहे.

इथे मला थोडे वाईट वाटते, आणि ते लपवण्याचे कारण नाही. टेंपलबद्दल माझा आकस नाही. मोठेपणी तिने घानामध्ये आणि चेकोस्लोव्हाकियामध्ये आपल्या देशाची राजदूत म्हणून काम केले, आणि १९८९ मध्ये प्रागमधली साम्यवादी राजवट कोसळली तेव्हा ती तिथे होती. पण तीसच्या दशकात ज्या हजारो आईवडिलांनी हे नाव निवडले त्यांना राजदूत दिसत नव्हती आणि गिरणीची मालकीणही दिसत नव्हती. त्यांना गोड मुलगी दिसत होती. शंभर वर्षांच्या आत एक नाव जमीनदाराच्या वारसाकडून निघून खळ्यांपर्यंत आले आणि मधली कॅप्टन कील्डार बहुतेकांच्या स्मरणातून गळून गेली. नाव मुलींना मिळाले खरे. पण ज्या दाव्यासह ब्राँटेने ते मुलीला दिले होते तो दावा वाटेत मागे राहिला.

आणि पुरुषांनी ते सोडले. ज्यांना आधीच हे नाव मिळाले होते त्यांनी ते मोठ्या धीराने वागवले. १९०५ मध्ये मेन राज्यात जन्मलेले शर्ली पोविच हे 'वॉशिंग्टन पोस्ट'चे नामवंत क्रीडापत्रकार. त्यांचे नाव एकदा चुकून अमेरिकन स्त्रियांच्या चरित्रकोशात छापले गेले होते. यॉर्कशायरमध्ये, हॉवर्थपासून फार दूर नसलेल्या हॅलिफॅक्समध्ये, १९३० साली शर्ली क्रॅबट्री जन्मला. त्याच्या वडिलांचेही नाव शर्लीच होते आणि ते रग्बी खेळत. म्हणजे ब्राँटेच्या मुलखात ऐंशी वर्षांनंतरही हे नाव बापाकडून मुलाकडे जात होते. हा मुलगा पुढे 'बिग डॅडी' या नावाने ब्रिटनचा सर्वांत लोकप्रिय कुस्तीगीर झाला; त्याच्या ६४ इंची छातीची विक्रम म्हणून नोंद झाली आणि शनिवारी दुपारी दूरचित्रवाणीपुढे आख्खी कुटुंबे त्याला पाहायला बसत. आखाड्यात त्याला शर्ली म्हणून कोणी पुकारत नव्हते. त्याच्या नंतरच्या पिढीत मुलाला शर्ली ठेवणे जवळपास अशक्य झाले.

हे एकट्या शर्लीचे झालेले नाही. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी तपासून २००० साली एक निबंध प्रसिद्ध केला. दोघांनाही चालणारी नावे फार काळ तशी टिकत नाहीत, हे त्यांनी दाखवले. मुलींच्या आईवडिलांना असे नाव आवडते, मुलांचे आईवडील मात्र त्या नावात मुली वाढू लागताच तिथून काढता पाय घेतात, आणि एकदा हे सुरू झाले की ते वेगाने पुरे होते. वस्तीत नवे लोक आले की जुने रहिवासी घरे विकून जातात त्या प्रक्रियेशी त्यांनी याची तुलना केली आहे. या निरीक्षणात मला सर्वांत बोलका वाटतो तो त्याचा एकतर्फीपणा. मुलाचे नाव मुलीला दिले तर ते धाडस ठरते, कौतुक होते; मुलीचे झालेले नाव मुलाला दिले तर त्याला शाळेत काय काय ऐकावे लागेल या धास्तीने आईवडील मागे फिरतात. स्त्रीसारखे म्हटले जाणे हा कमीपणा आहे, असे मानणाऱ्या समाजातच नावांची ये-जा अशी एका दिशेने होऊ शकते.

प्रत्येक नावाची वाट मात्र थोडी निराळी असते. एव्हलिनचे मूळ तर मध्ययुगातल्या अव्हलीन या स्त्रीनावात आहे. त्यावरून आडनाव झाले, आडनावावरून पुरुषांचे पहिले नाव झाले आणि मग ते पुन्हा स्त्रियांकडे गेले. १९२८ मध्ये लेखक एव्हलिन वॉ याने एव्हलिन गार्डनर या तरुणीशी लग्न केले तेव्हा मित्रांना दोघांत फरक करण्यासाठी 'तो' आणि 'ती' अशी जोड द्यावी लागे. १९३९ च्या 'गॉन विथ द विंड' या चित्रपटात ॲशली नावाच्या पुरुषाची भूमिका लेस्ली हॉवर्डने केली आणि समोर नायिका होती व्हिव्हियन ली, जिचा जन्म दार्जिलिंगचा. या तिन्ही नावांवर दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला गेलेला आहे. त्यांपैकी ॲशली १९९१ आणि १९९२ मध्ये अमेरिकेतले मुलींचे पहिल्या क्रमांकाचे नाव झाले, पण इंग्लंडमध्ये त्याच काळात ते मुलांचेही राहिले. २००१ च्या दौऱ्यात लेगस्टंपाबाहेर मारा करून सचिन तेंडुलकरला जखडून ठेवणारा ॲशली जाइल्स आपल्याला आठवत असेल. त्याच्या नावात काही वेगळे आहे असे आपल्यापैकी कोणालाही वाटले नव्हते.

आपल्या देशात ही नावे इंग्रजी राजवट, चर्च आणि मिशनच्या शाळा यांच्या मार्गाने आली आणि अमेरिकेतल्या पुढच्या उलथापालथीपासून बरीचशी दूर राहिली. म्हणून लेस्ली आपल्याकडे मुख्यतः पुरुषाचे नाव राहिले. बिलासपूरला जन्मलेल्या लेस्ली क्लॉडियस यांनी १९४८, १९५२ आणि १९५६ मध्ये हॉकीत ऑलिंपिक सुवर्णपदके आणि १९६० मध्ये रौप्यपदक मिळवले. ज्या काळात अमेरिकेत हे नाव मुलींकडे सरकू लागले होते त्याच काळात ते भारताच्या मधल्या फळीत खेळत होते. शर्ली मात्र आपल्याकडे स्त्रीचेच नाव म्हणून रुजले. गोवा, वसई आणि वांद्रे इथल्या ख्रिस्ती घरांत आज ज्या शर्ली भेटतात त्या बहुतेक साठी-सत्तरी ओलांडलेल्या आहेत. खुद्द अमेरिकेतही या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस हे नाव मुलींच्या पहिल्या हजार नावांतून बाहेर पडले. त्यामुळे मुलगे त्याकडे परतले, असे काही झाले नाही.

या सगळ्या शर्लींमध्ये जिच्याकडे माझे मन पुन्हा पुन्हा जाते ती टेंपलच्या चार वर्षे आधी, १९२४ मध्ये ब्रुकलिनला जन्मली. तिचे आईवडील बार्बाडोस आणि ब्रिटिश गयाना इथून आलेले, बालपणाची काही वर्षे बार्बाडोसमध्ये आजीजवळ गेलेली. शर्ली चिझम हे तिचे लग्नानंतरचे नाव. १९६८ मध्ये ती अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. तिला वडिलोपार्जित वाडा नव्हता, गिरणी नव्हती, भाऊ नसल्यामुळे मिळालेली जागा नव्हती. होती ती शिक्षिकेची नोकरी आणि गल्लोगल्ली फिरून मागितलेली मते. काँग्रेसमध्ये गेल्यावर तिला शेतकी समितीवर नेमण्यात आले, तेव्हा ब्रुकलिनच्या मतदारांचा शेतीशी काय संबंध, असे विचारून तिने त्या नेमणुकीला उघड हरकत घेतली आणि दुसरी समिती मिळवली. राजकारणात आपल्याला काळी म्हणून जितका अडथळा आला त्याहून अधिक स्त्री म्हणून आला, असे ती सांगत असे. १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी ती उभी राहिली. ती जिंकणार नाही हे सर्वांना, आणि तिलाही, ठाऊक होते. मायामीच्या अधिवेशनात पहिल्या फेरीत शर्ली चिझम या नावापुढे १५२ प्रतिनिधींची मते नोंदवली गेली.